खडेमीठ आणि फुफाटा

खान्देशी माणसाची आणि समुद्राची ओळख बहुतेक वेळा सुरतेच्या नोकरीतून होते. आमच्या अमळनेर-धरणगाव पट्ट्यात ज्या घरातलं कोणीच उधना-लिंबायतला लूमवर गेलेलं नाही, असं घर शोधावं लागेल. आमची फुई, म्हणजे आत्या, लग्न होऊन तिकडेच गेली. तिच्याकडे गेलं की एखाद्या रविवारी डुमसला जायचं, गाडीवरची टोमॅटोची भजी खायची, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या काळ्या वाळूत उभं राहायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. समुद्र म्हणजे अडीचशे किलोमीटरवरची सहल. त्यापलीकडे त्याचं आमच्याशी काही देणंघेणं नाही, अशी सगळ्यांची समजूत. फुईच्या खिडकीचे गज रंग देऊन देऊन जाड झालेत तरी गंज सुटत नाही. आमच्या गोठ्यावरचे पत्रे आजोबांच्या हातचे आहेत आणि अजून खणखणीत वाजतात. म्हणजे तिकडच्या हवेत मीठ आणि इकडच्या हवेत धूळ. वाटणी झाली, विषय संपला.

मला ही वाटणी मान्य नाही, आणि मान्य नसण्याचं कारण आमच्याच फडताळात आहे.

घरात दोन मिठं असतात. भाजी-वरणाला पाकिटातलं बारीक मीठ, आणि लोणचं, ठेचा, गुरांचं आंबोण यासाठी खडेमीठ. हे दुसरं चिनी मातीच्या बरणीत, ओट्याखाली. मे महिन्यात त्या बरणीत हात घातला तर खडे एकमेकांवर आपटून खडखडतात. एखादा खडा दारातल्या उन्हात धरून भिंगातून पाहावा. चौकोनी ठोकळे एकमेकांना चिकटलेले, आणि एखाद्याच्या मधोमध पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत गेलेला खळगा, बारवेसारखा. मिठागरात पाणी झपाट्यानं आटत असताना स्फटिकाच्या कडा आधी वाढतात आणि मधला भाग मागे राहतो, म्हणून या पायऱ्या. मग जूनचा पहिला आठवडा येतो. पावसाचा थेंबही पडलेला नसतो, आभाळ पांढरंफट्ट असतं, आणि त्याच खड्यांच्या कडा बोथट होतात. बोटांना ओल लागते, बरणीच्या तळाशी पातळसर पाझर साठतो. माय झाकण काढते, आतून बोट फिरवते आणि म्हणते, "मिठले पानी सुटनं, आते पाऊस ई." हवामान खात्याचा अंदाज ती त्यानंतर ऐकते.

तिचं म्हणणं पदार्थविज्ञानाला धरून आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की शुद्ध मीठ हवेतलीच वाफ ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. पाकिटातल्या मिठातलं हे मॅग्नेशियम धुऊन बरंचसं काढलेलं असतं, वर गुठळ्या होऊ नयेत म्हणून आणखी काही मिसळलेलं असतं. म्हणून ते उशिरा ओलावतं आणि मायच्या उपयोगाचं नाही. मेच्या दुपारी आमच्याकडे हवेत ओल जवळजवळ नसतेच, आणि मृगाच्या तोंडावर रात्रीची आर्द्रता ७५-८० ला टेकते. मधल्या कुठल्यातरी रात्री बरणीला बातमी लागते.

आता हेच, अगदी हेच, हवेत तरंगणाऱ्या मायक्रॉनभर, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या, खड्यावर घडतं तेव्हा ढगाची सुरुवात होते.

समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ खालीच राहतं, असं शाळेत शिकवतात आणि ते खरंच आहे. मग मीठ वर जातं कसं? बुडबुड्यांतून. स्टँडवर सोडा पिताना ग्लासावर तोंड नेलं की नाकाच्या शेंड्याला बारीक तुषार लागतात ना, तेच समुद्रावर चाललेलं असतं. लाट फुटताना हवा पाण्यात कोंडली जाते, बुडबुडे वर येतात आणि फुटतात. बुडबुड्याचा वरचा पातळ पापुद्रा फाटतो तेव्हा त्याचे अतिसूक्ष्म थेंब उडतात. मग उघड्या पडलेल्या खळग्यात चारी बाजूंनी पाणी धावतं, मधोमध आपटतं आणि एक सुईसारखी धार वर उसळते. तिचे तुटून आणखी काही थेंब होतात, आधीच्यांपेक्षा मोठे. वारा हे थेंब उचलतो, त्यातलं पाणी उडून जातं, मीठ उरतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेव्हा मालाचा तोटा नाही. वारा सेकंदाला तीन-चार मीटरच्या वर गेला की लाटांवर पांढरा फेस दिसायला लागतो, आणि पुढे हा फेस वाऱ्याच्या वेगाच्या जवळपास साडेतीनाव्या घाताने वाढतो: वारा दुप्पट झाला की फेसाचं क्षेत्र दहापट. जगातले समुद्र वर्षाकाठी किती मीठ हवेत फेकतात याच्या अंदाजांत मोठी तफावत आहे, पण बहुतेक अंदाज अब्जावधी टनांतले आहेत. त्यातलं बहुतेक पुन्हा समुद्रातच पडतं.

जून-जुलैत सोमालियाच्या किनाऱ्याजवळून निघणारा जोरकस वारा अख्खा अरबी समुद्र घुसळून काढतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा हा प्रवाह फाइंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये नीट मांडला, म्हणून त्याच्या नावानं ओळखला जातो. आमच्याकडे त्याला नाव नाही. आमच्याकडे तो नुसता पश्चिमेचा वारा.

तो खान्देशात कुठून शिरतो हे नकाशावर हात ठेवून बघण्यासारखं आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधून तापी. मुलताईला उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटर चक्क पश्चिमेला जाते आणि सुरतेच्या खाली समुद्राला मिळते. नदी ज्या खचदरीतून जाते त्याच दरीतून वारा उलटा येतो. उकाई, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर. सुरत-भुसावळ रेल्वेचीही हीच वाट, कारण रूळ टाकणाऱ्यांनाही सपाटीच हवी होती. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची जी रांग उभी आहे, ती पाती फिरतात तेव्हा त्यांना ढकलणाऱ्या वाऱ्यात समुद्र असतो. दिसत नाही, एवढंच.

मोठे खडे अर्थात मधेच गळतात. दहा मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत दिवसाला अडीचशे-पावणेतीनशे मीटर खाली येतो, त्यामुळे तो किनाऱ्याच्या गावांवरच उतरतो आणि फुईच्या खिडकीचे गज खातो. मायक्रॉनभराचा कण मात्र दिवसाला काही मीटरच उतरतो. त्याला नवापूर काय आणि भुसावळ काय. त्याला खाली आणतो तो पाऊसच. पावसाचं पाणी तपासणाऱ्यांना किनाऱ्यापासून लांब देशावरही त्यात सोडियम आणि क्लोराइड सापडतं. जसजसं आत जावं तसतसं ते कमी होतं, संपत मात्र नाही. आमच्या पत्र्यावरही मीठ पडतं, फक्त गंज धरण्याइतकं नाही.

हवेतल्या कणांशिवाय पाऊस नाही, हे माणसाला कळलं त्या प्रयोगात कापूस होता. ही गोष्ट मला विशेष आवडते, कारण जिनिंगच्या हंगामात आमच्या भागात कापसाचे तंतू नाकातोंडात जातात आणि लोक त्याला शिव्या घालतात. फ्रान्समध्ये कूलिये यांनी १८७५ मध्ये आणि त्यांच्यापाठोपाठ स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट पाहिली. एटकिन यांनी काचेची दोन भांडी घेतली. एकात खोलीतली साधी हवा, दुसऱ्यात कापसाच्या बोळ्यातून गाळलेली हवा. दोन्हींत वाफ सोडली. पहिल्या भांड्यात दाट धुकं झालं. दुसरं भांडं स्वच्छच राहिलं. वाफ तेवढीच, ढग नाही. १८८० मध्ये त्यांनी हे मांडलं: वाफेला थेंब व्हायला बसायची जागा लागते, आणि ती जागा म्हणजे हवेतला कण. कणच नसतील तर नुसत्या वाफेचा थेंब व्हायला हवा चारपट आणि त्याहूनही जास्त संपृक्त लागते. प्रत्यक्ष ढगात ती शंभर टक्क्यांच्या जेमतेम वर, एखादा टक्काही जास्त नसते. त्या उरलेल्या अंतराचं काम मीठ, धूर, गंधकाचे क्षार आणि धूळ करतात.

एटकिन यांना कापूस बोळ्यापुरता लागला. आमच्याकडे त्याचे डोंगर असतात.

आता धुळीकडे येतो, कारण ती आमची हक्काची. मेमध्ये अकरा वाजले की वारा सुटतो. गच्चीवर बिबड्या वाळत घातलेल्या असतात, त्यांवर माय जुनं पातळ टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवते. शेतरस्त्यावर फुफाटा असतो, घोट्यापर्यंत पाय रुतणारा, पिठासारखा. त्यात एक गंमत आहे. हा इतका मऊ फुफाटा नुसत्या वाऱ्यानं सहज उडत नाही! अतिबारीक कण एकमेकांना धरून बसतात. वारा आधी हलवतो ती मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी वाळू. ती टुण् टुण् उड्या मारत जाते, आणि तिच्या आपटण्यानं बारीक धूळ सुटी होऊन वर उठते. लिबियाच्या वाळवंटात मोटारी घालणारा राल्फ बॅगनोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अभियंता होता. वाळूच्या या उड्यांचं गणित त्यानं मांडलं. आमच्या रस्त्यावर उड्या मारायचं काम वाळूऐवजी ट्रॅक्टरची चाकं करतात, त्यामुळे वाऱ्याची निम्मी मेहनत वाचते.

शेतातली काळी माती मुळात एवढी उडणारी नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, ढेकळं धरते, वर ज्वारीच्या दाण्याएवढी भुगी होते. वखराच्या पाळीनं ढेकळं राहायची. आता रोटाव्हेटर मारला की सगळं पीठ. शेत दिसायला सुंदर दिसतं, फोटो काढून स्टेटसला ठेवण्यासारखं, आणि पुढचे दोन महिने त्याचा सर्वांत सुपीक थर शेजाऱ्याच्या, मग तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या हवेत जातो. रोटाव्हेटरवर माझा राग आहे, तो इथे निघाला; पुढे जातो.

धूळपेरणी मात्र याच धुळीत होते. पावसाआधी कोरड्या मातीत कपाशी टोचून मोकळं व्हायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं, हा जुगार आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. वेळेवर पडला तर पंधरा दिवस आघाडी. नुसता शिंतोडा येऊन गेला तर बियाणं कोंबासकट गेलं. सरकीला ओल हवी म्हणून बियाणं धुळीत, आणि वर वाफेला आधार हवा म्हणून धूळ आभाळात. जूनच्या त्या दिवसांत वर-खाली दोन्हीकडे एकच वाट पाहणं चाललेलं असतं.

धूळ फक्त आमचीच असते असंही नाही. २३ जानेवारी २०२२ चा रविवार उत्तर महाराष्ट्रातल्या आणि मुंबईतल्या लोकांना आठवत असेल. पाकिस्तानच्या बाजूनं उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून गुजरात, कोकण आणि आपल्याकडे आलं. ऊन दुधी झालं, गारवा वाढला, आणि गाड्यांच्या काचांवर पांढरट भुकटी बसली. आमची धूळ काळपट-तपकिरी असते. टाकीच्या काळ्या झाकणावर बोट ओढलं तेव्हा बोटाला लागलं ते पिठूळ, फिकट, टाल्कम पावडरीच्या जवळचं काहीतरी होतं. आमच्या शिवारातलं नक्की नव्हतं. समुद्रावरून आलेली होती, म्हणजे वाटेत तिला खारे थेंबही भेटले असणार. वाळवंटाचा कण आणि लाटेचा कण एकमेकांना चिकटून जमिनीवर उतरतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळांनी पाहिलेलं आहे.

अरबस्तानच्या बाजूची धूळ पावसाळ्यात काय करते यावर हवामानशास्त्रज्ञ व्ही. विनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावर धूळ वाढली की आठवड्याभराच्या आत मध्य भारतात पाऊस वाढलेला दिसतो. धूळ ऊन शोषते, तिकडची हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेमुळे समुद्रावरून आपल्याकडे येणारा ओला वारा जोर धरतो. म्हणजे धूळ इथे थेंबाला बसायला जागा देत नाही, ती दूर बसून भाता मारते. हे वाचल्यापासून जुलैत दुबईच्या नातेवाइकानं व्हॉट्सॲपवर धुळीच्या वादळाचा व्हिडिओ टाकला की मी सहानुभूती दाखवतो, पण मनातून खूश असतो.

पण नुसते कण पुष्कळ असले की पाऊस पुष्कळ, असा सरळ हिशेब नाही, आणि इथेच बहुतेक लोक गडबडतात. ढगातला थेंब दहा-वीस मायक्रॉनचा. पावसाचा थेंब मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा. असे सुमारे दहा लाख ढगथेंब एकत्र आले तर एक टपोरा थेंब. तेवढ्याच वाफेत कणांची गर्दी झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं पाणी येतं, सगळे थेंब सारखेच बारीक राहतात, एकमेकांवर आपटत नाहीत, आणि ढग तसाच पुढे निघून जातो. जमिनीवरच्या धुरानं असंच होतं. समुद्राच्या मिठाचा मोठा खडा मात्र मुळातच जास्त पाणी ओढतो. ८० टक्के आर्द्रतेत तो आपल्या कोरड्या आकाराच्या दुप्पट होतो. ढगात तो पहिल्यापासून जाडजूड, म्हणून वेगानं खाली येतो आणि येताना वाटेतल्या बारक्यांना गिळत येतो. पाऊस पाडायला अशा थोड्या मोठ्या खड्यांची गरज असते.

या तत्त्वावर महाराष्ट्रात साधं मीठ ढगात टाकून झालेलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं १९७३ ते १९८६ या काळात, मधली काही वर्षं सोडून, बारामती भागात अकरा हंगाम प्रयोग केले. विमानातून दळलेलं मीठ आणि त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडी शंखजिऱ्याची भुकटी. पाऊस २४ टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. पुढे २०१८-१९ मध्ये याच संस्थेनं सोलापूरला कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळून प्रयोग केले, तिथे वाढ १८ टक्क्यांच्या आसपास आली. आमच्याकडे दुष्काळी वर्षात पुढारी कृत्रिम पावसाची घोषणा करतात, तेव्हा हे आकडे कोणी सांगत नाही आणि त्यामागची अटही सांगत नाही: आधी ढग हवा. कोरड्या आभाळात मीठ टाकून काही होत नाही. ऑगस्टच्या खंडात, जेव्हा मागणी सर्वांत जास्त असते, नेमके तेव्हाच कामाचे ढग सर्वांत कमी असतात. प्रयोग चालू राहावेत या मताचा मी आहे. त्यांची जाहिरात बंद व्हावी याही मताचा आहे.

मीठ आणि धूळ यांची खरी वाटणी वेगळीच आहे, आणि ती केळीवाल्याला विचारावी. रावेर-यावलकडे मार्च-एप्रिलात गारपीट होते तेव्हा उभ्या बागा पानांच्या चिंध्या घेऊन उभ्या राहतात, घडांवर काळे डाग पडतात, व्यापारी पाठ फिरवतो. गार बनते त्या उंचीवर मिठाचं काही चालत नाही, तिथे सत्ता धुळीची. कण नसलेला शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांपर्यंत गोठत नाही; पाणीच राहतो. धुळीचा कण असला की उणे पंधरा-वीसलाच बर्फ धरतो. लीड्स विद्यापीठाच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं की वाळवंटी धुळीतल्या खनिजांपैकी यात सर्वांत तरबेज फेल्डस्पार, त्यातही पोटॅशचा. आपल्या काळ्या दगडातही फेल्डस्पार भरपूर आहे, पण तो प्रामुख्यानं दुसऱ्या जातीचा, या कामात जरा ढिला. तेव्हा सगळा दोष घरच्या मातीला देता येत नाही. उन्हाळी ढगाच्या टोकाशी जो पहिला बर्फ धरतो, त्याच्या पोटात कदाचित राजस्थानचा किंवा त्याही पलीकडचा कण असतो. मीठ पाणी धरतं, धूळ बर्फ धरते. गाव कुठलं का असेना.

धूळ पावसाला आणखी एका बाबतीत उपयोगी पडते. भारतात पावसाचं पाणी पुष्कळ ठिकाणी आम्ल होत नाही, कारण हवेतल्या मातीतला चुना कारखान्यांच्या धुराचं आम्ल मारतो. पण म्हणून धुळीचे पोवाडे गायचे नाहीत. केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत जळगावचं नाव आहे. दहा मायक्रॉनखालच्या कणांची वर्षाची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी असा आपला नियम. त्या वजनात शेताची माती, रस्त्याची भुकटी, डिझेलचा धूर, पेटवलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांची राख आणि चिमूटभर समुद्राचं मीठ, सगळं एकाच काट्यावर. फुप्फुसाला या सगळ्यांचा सारखा त्रास नसतो आणि ढगाला सगळ्यांचा सारखा उपयोग नसतो. रस्त्यावर टँकरनं पाणी मारून आकडा उतरतो, पऱ्हाट्यांचा धूर मात्र तसाच राहतो.

आणि आपली धूळ जाते कुठे? हिवाळ्यात वारा फिरतो. डिसेंबर-जानेवारीत तो ईशान्येकडून येतो आणि ज्या दरीतून जूनमध्ये मीठ आलं त्याच दरीतून माती समुद्रावर नेतो. समुद्रात पडलेल्या मातीची दखल घेणारा पहिला मोठा माणूस डार्विन. जानेवारी १८३२ मध्ये बीगल जहाज केप व्हर्डी बेटांजवळ होतं आणि हवेत तपकिरी धुरकट काही भरून राहिलं होतं. डोलकाठीच्या टोकावरच्या वातदर्शकाच्या जाळीत अडकलेली धूळ त्यानं जमवली. पुढे अशा पाच पुड्या बर्लिनच्या एहरेनबर्ग यांच्याकडे गेल्या, आणि त्यांना त्यात ६७ प्रकारच्या सूक्ष्म जीवांचे अवशेष सापडले. दोन सोडले तर बाकीचे गोड्या पाण्यातले. भर समुद्रात गोड्या पाण्यातले जीव! सहारातला चाडचा बोडेले हा भाग म्हणजे आटलेल्या महाकाय तळ्याचा तळ आहे, आणि आजही जगातला सर्वांत जास्त धूळ उडवणारा टापू तोच. नासाच्या उपग्रहाच्या सात वर्षांच्या मोजणीवरून २०१५ मध्ये हिशेब निघाला: वर्षाला सरासरी २ कोटी ७७ लाख टन आफ्रिकी धूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते, आणि त्यात २२ हजार टन स्फुरद असतो. तिकडच्या पावसानं जेवढा स्फुरद धुऊन जातो, जवळपास तेवढाच. एका खंडाचं शेणखत दुसऱ्या खंडाला फुकट.

समुद्राला स्फुरदापेक्षा लोह कमी पडतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी जॉन मार्टिन या अमेरिकन सागरशास्त्रज्ञानं म्हटलं की दक्षिणेकडच्या समुद्रांत इतर सगळं खत असूनही हिरवळ नाही, ती लोहाअभावी. आणि पुढच्या प्रयोगांत समुद्रात लोह टाकल्यावर पाणी खरंच हिरवं झालं. अरबी समुद्राला ते निसर्गतः मिळतं, कारण जगात सर्वांत जास्त धूळ पडणाऱ्या समुद्रांत त्याची गणती होते. त्यात अरबस्तानचा वाटा मोठा, मग थर वाळवंटाचा, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याचा, आणि चिमूटभर आपल्या गिरणा-बोरी-पांझराकाठचा. आपली माती तर लोहाचीच.

हे सगळं मी आमच्या जिभाऊंना सांगत होतो. फवारणीचा पंप उघडून नोझल साफ करत ते ओट्यावर बसले होते, आणि समुद्रातल्या शेवाळाला खान्देशची माती लागते हे त्यांना बिलकूल पसंत पडलं नाही. म्हणाले, "मंग आपली माटी खाईसन त्या मासा आपले काय देतस?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण शास्त्रज्ञांनीही तो विचारलेला आहे. लोह मिळून फोफावलेल्या सूक्ष्म वनस्पतींपासून गंधकाचा एक वायू निघतो. समुद्राचा म्हणून जो वास येतो त्यात त्याचा हात असतो. हवेत त्याचे बारीक क्षार होतात आणि ढगाचा थेंब त्यांवरही बसतो. १९८७ मध्ये जेम्स लव्हलॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि आणखी तिघांनी असं मांडलं की समुद्रातलं शेवाळच अशा रीतीनं ढगांवर आणि तापमानावर ताबा ठेवतं. मी जिभाऊंना म्हटलं, त्या हिशेबानं आपली माती ढग होऊन परत येते. त्यांनी नोझल तोंडाजवळ धरून फुंकलं, उजेडाकडे करून भोक पाहिलं आणि विचारलं, हे सिद्ध झालं का? मला सांगावं लागलं की २०११ मध्ये या कल्पनेवर बरीच कडक टीका झाली. समुद्रावरच्या ढगांना बीज पुरवायला लाटांचं मीठ आणि इतर गोष्टीच जास्त आहेत, शेवाळाचा ताबा वगैरे काही दिसत नाही, असं निघालं.

"म्हंजे हिसाब आजून जुळना नही," जिभाऊ म्हणाले, आणि पंपाचा वॉशर कुठे ठेवला ते मला विचारायला लागले.